कारणाच्या रकान्यात

मंगळवार, २० ऑगस्ट २०२४

आज सकाळचं ब्रीफिंग झालंच नाही. साडेनऊला आम्ही सगळे बिलिंग काउंटरपाशी गोल करून उभे राहिलो होतो. कालचा सेल किती, आजचं टार्गेट किती, कुठली स्कीम चालू, एवढं ऐकलं की दिवस सुरू होतो. स्टोअर मॅनेजर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, एचआरच्या मॅडम मुंबईहून आल्यात. नाव पुकारलं की एकेकानं ट्रेनिंग रूममध्ये जायचं."

ट्रेनिंग रूममध्ये टेबलावर लॅपटॉप, पाण्याच्या दोन बाटल्या आणि टिश्यूचा नवा डबा. डब्यावरचं प्लॅस्टिक नुकतंच काढलेलं होतं. कोणीतरी सकाळी आठवणीनं तो विकत आणला असणार. मला सगळ्यात आधी तोच दिसला आणि आत काय होणार ते कळलं.

मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. आवाज चढवला नाही, वाईट शब्द बोलल्या नाहीत. "बिझनेसची परिस्थिती तुम्ही फ्लोअरवर बघताच आहात. कंपनी तुम्हाला चांगलं पॅकेज देतेय." मग पॅकेज वाचून दाखवलं. पीएफ, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि वर एक महिन्याचा पगार. मात्र संध्याकाळी सहापर्यंत पोर्टलवर राजीनामा पडला पाहिजे. नाही पडला तर कंपनी टर्मिनेट करेल, रिलीव्हिंग लेटरवर तसं लिहून येईल आणि पुढे कुठे मुलाखतीला गेलात तर त्रास होईल.

मी विचारलं, "माझं काय चुकलं?" त्या म्हणाल्या, "तुमचं काहीच चुकलेलं नाही, म्हणून तर आम्ही रिझाइन करायचा चान्स देतोय."

दुपारी जेवण गेलं नाही. मेन्सवेअरचा दादा माझ्याआधी आत जाऊन आला होता. तो पायऱ्यांवर बसून सारखं एकच म्हणत होता, "होम लोनचे अजून नऊ वर्षं हप्ते आहेत." पावणेसहाला मी पोर्टल उघडलं. राजीनाम्याच्या फॉर्मवर कारणाची यादी येते, त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. लग्न. उच्च शिक्षण. दुसरीकडे चांगली संधी. आजारपण. गाव बदलणं. वैयक्तिक कारण. मी यादी दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली. कंपनीनं जायला सांगितलं, असं कारण त्यात नव्हतंच. मी वैयक्तिक कारणावर बोट ठेवलं. ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला, तो मीच टाकला.

त्यानंतरही पाऊण तास काम केलं. एक बाई गौरींसाठी साड्या बघायला आल्या होत्या, दोन्ही गौरींना एकसारख्या काठाच्या हव्या होत्या. स्टॉकमध्ये एकाच रंगाचे दोन पीस नव्हते, मग मोरपंखी आणि हिरव्यात जोडी जमवून दिली. त्या खूश होऊन गेल्या. मग आयकार्ड, लॉकरची किल्ली, स्टाफ डिस्काउंटचं कार्ड सगळं जमा केलं. बाहेर पडताना रोजच्यासारखी बॅग तपासली. सिक्युरिटीचे काका नऊ वर्षांपासून मला ओळखतात. त्यांनी चेन उघडली, आत पाहिलंच नाही आणि परत लावली.

आमच्या दुकानात रोलवरची ५२ माणसं. त्यातली १९ आज गेली.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

तीन दिवस झाले, सकाळी सहाला जाग येतेच. डबा भरायचा नाही हे हातांना कळायला वेळ लागतोय.

लोक म्हणतात, सगळे मोबाइलवरून कपडे मागवतात म्हणून दुकानं बसली. मला हे अर्धंच खरं वाटतं. आमचं दुकान बसत होतं ते मी रोज दहा तास उभी राहून पाहिलंय. मी लागले जून २०११ ला. तेव्हा शनिवारी ट्रायल रूमबाहेर रांग असायची, आणि आमचे टेलरकाका रात्री आठपर्यंत पँटा उंचीला कमी करत बसायचे. मग कंपनीनं दुकानं वाढवत नेली. एकाच शहरात एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर दुकानं, भाडी अवाढव्य, सगळं कर्जावर. सेल पूर्वी वर्षातून दोनदा असायचा, जून-जुलैत आणि डिसेंबर-जानेवारीत. मग मधे एक, सणाला एक, महिनाअखेरीला एक. गिऱ्हाईकाला आपणच शिकवलं की पूर्ण किमतीला घ्यायचं नाही. नंतर बायका टॅग बघून माझ्याच तोंडावर म्हणायला लागल्या, "ताई, पुढच्या आठवड्यात यावर किती ऑफ येईल?"

दोन वर्षांपासून तर खुणा दिसतच होत्या. व्हेंडरची बिलं थकली की माल येत नाही. माल आला नाही की साइज तुटतात, मीडियम आणि लार्ज संपतात, रॅकवर फक्त एक्सएस आणि डबल एक्सएल उरतात. मग वरून फोन यायचा, रॅक मोकळे दिसता कामा नयेत. आम्ही हँगरमधलं अंतर वाढवायचो, दोन बोटांचं चार बोटं. टेबलावर घड्या मोठ्या घालायचो. एसी साडेअकराशिवाय लावायचा नाही. वर जायचा सरकता जिना चालू, खाली यायचा बंद. टेलरकाकांना काढलं, त्यांचं मशीन मात्र वर्षभर तिथेच झाकून ठेवलेलं होतं. मोठ्या ब्रँडांनी आपापल्या काउंटरवरची मुलं परत नेली. त्यांची काउंटरंही आम्हीच सांभाळायची, पगार तेवढाच.

आणि एवढं असूनही आम्ही टार्गेट गाठत होतो. हेच मला गिळता येत नाही. या जुलैच्या सेलला सलग १७ दिवस कोणालाही वीकऑफ नव्हता. माझे पाय संध्याकाळी सुजायचे, पोटऱ्यांवर निळ्या शिरा आल्यात. केरळनं २०१८ साली आणि तामिळनाडूनं २०२१ साली दुकानातल्या कामगारांना बसायला जागा मिळण्याचा हक्क कायद्यात घातला, ते वाचलं होतं तेव्हा मी मॅनेजरांना दोन स्टूल मागितले होते. ते आले नाहीत. तरी आम्ही सेल काढून दिला. सेल संपला आणि नवव्या दिवशी आम्हाला ट्रेनिंग रूममध्ये बोलावलं. म्हणजे यादी आधीच तयार होती. आम्ही ज्या वेळी हँगर लावत होतो त्या वेळी ती कुठेतरी तयार होती.

आज दुपारी फोन आला. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या निवृत्त शिक्षिका, माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून साडी घ्यायच्या नाहीत. दुकानात गेल्या होत्या, मी दिसले नाही म्हणून विचारलं, तर त्यांना सांगितलं की ताईंनी घरगुती कारणानं नोकरी सोडली. "घरी सगळं ठीक आहे ना गं? यांची तब्येत बरी आहे ना?" त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती. मला एकदम रडू आलं. मंगळवारी आलं नव्हतं, ते आज आलं.

तेरा वर्षं मी ज्यांना साड्या नेसून दाखवल्या त्यांच्या डोक्यात आता माझ्या घरात काहीतरी बिनसलंय. सासूबाईंच्या भिशीतल्या बायकाही त्यांना हेच विचारतात. नोकरी गेली ती गेली. पण आपल्या घराच्या नावावर कंपनीचं कारण का लागावं?

सोमवार, २ सप्टेंबर

आज पोळा. सकाळी पुरण शिजवून ठेवलं आणि मेन्सवेअरच्या दादाबरोबर एका युनियनच्या ऑफिसात गेले. आमच्या दुकानात युनियन कधीच नव्हती, तरी तिथल्या वकीलकाकांनी दीड तास दिला, फी घेतली नाही.

त्यांनी आधी पॅकेजच्या कागदावर पेन फिरवलं. पीएफ तुमचाच. रजेचे पैसे तुमचेच. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षं झालेल्या कोणालाही द्यावीच लागते, राजीनामा दिला तरी, ३० दिवसांच्या आत. माझा बेसिक १४,३००. त्याला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं आणि १३ वर्षांनी गुणायचं, म्हणजे १,०७,२५०. कंपनीनं खरोखर स्वतःहून दिलेला म्हणजे फक्त एक महिन्याचा पगार, २६,०००.

मग त्यांनी दुसऱ्या बाजूला लिहिलं. आज, २०२४ मध्ये लागू असलेला औद्योगिक विवाद कायदा, १९४७, त्याचं कलम २५ एफ. कामगाराला कपात करून काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार. म्हणजे माझे साधारण १,६९,००० आणखी. २५ जी म्हणतं, एका प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो साधारणपणे आधी जायला हवा. आमच्याकडे तर सगळे जुने गेले, कारण जुन्यांचा पगार जास्त. २५ एच म्हणतं, पुन्हा भरती केली तर काढलेल्यांना आधी विचारा. "पण," काका म्हणाले, "आपखुशीनं राजीनामा दिला तर ती कपातच नाही. मग यातलं काहीच लागू नाही."

म्हणून ती यादी. म्हणून सहाची वेळ. मला इतके दिवस वाटत होतं की आमची अब्रू राखायला राजीनामा मागितला.

दुसरी अडचण माझ्या बिल्ल्याची. तीन वर्षांपूर्वी मला डिपार्टमेंट मॅनेजर केलं होतं, १,८०० रुपये वाढवून. पेढे वाटले होते मी. मॅनेजर हा याच कायद्यानं कामगार नसतो, आणि सुपरवायझरचा पगार महिना १०,००० च्या वर असला तर तोही नसतो. काका म्हणाले की कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, मुख्य काम काय होतं ते बघतं. मी काय करत होते? साड्या दाखवायचे, घड्या घालायचे, स्टॉक मोजायचे, बिलिंगला बसायचे. रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता, कोणाला घ्यायचा-काढायचा तर नाहीच. हे सगळं आता तारखांसकट लिहून काढायचंय.

त्यांनी वूलवर्थ्सची गोष्ट सांगितली, ती रात्री मी मोबाइलवर वाचली. ब्रिटनमधली जुनी साखळी. २००८ च्या शेवटी बुडाली, ६ जानेवारी २००९ ला शेवटची दुकानं बंद झाली, सुमारे २७,००० माणसं गेली. तिथल्या कायद्यात २० किंवा जास्त लोकांना काढायचं तर आधी चर्चा करावी लागते. ती केली नाही म्हणून भरपाई मिळाली, पण ज्या दुकानांत २० हून कमी माणसं होती तिथल्यांना ती मिळाली नाही, कारण प्रत्येक दुकान वेगळं धरलं. २०१५ मध्ये युरोपच्या न्यायालयानंही तसं मोजणं चालतं असं म्हटलं. तीन हजारांहून जास्त लोक त्या भरपाईविना राहिले, काम तेच, कंपनी तीच, फक्त दुकान लहान. आमच्या दुकानात १९. दुसऱ्या दुकानांत कोण किती गेले, आम्हाला एकमेकांचे नंबरही माहीत नाहीत. एकेकाला खोलीत बोलावलं, तसंच एकेका दुकानाला बोलावलं असणार.

रात्री पुरणपोळीच्या ताटावर बसल्यावर हे म्हणाले, "मिळेल का काही?" मी म्हटलं, माहीत नाही. लेक बारावीला आहे, तिनं विचारलं, "आई, मग तू खोटं का लिहिलंस?" तिला ओरडले नाही. प्रश्न बरोबर होता.

जेवणं झाल्यावर दोन पानी पत्र लिहिलं, कंपनीला आणि एक प्रत कामगार आयुक्तांच्या ऑफिसला. पहिलं वाक्य चार वेळा लिहून खोडलं. शेवटी असं राहिलं: "२० ऑगस्ट रोजी पोर्टलवर भरलेला राजीनामा मी स्वेच्छेने दिलेला नाही. माझे कोणतेही वैयक्तिक कारण नव्हते." उद्या पोस्टात टाकायचं.

रविवार, ६ ऑक्टोबर

ग्रॅच्युइटी आली, वेळेत आणि रुपयापर्यंत बरोबर. पत्राचं उत्तर नाही. पोचपावती मात्र सही-शिक्क्यासह परत आलीय, ती देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवली. १९ पैकी सात जणांनी तसंच पत्र पाठवलं. बाकीच्यांना नवीन नोकरीत अडचण येईल अशी भीती वाटते, आणि मला त्यांना दोष देता येत नाही.

घटस्थापनेपासून दुकानात सणाची गर्दी आहे. तिथे आता अकरा नवीन मुलं घेतलीत, एजन्सीच्या पगारावर, दिवाळीपर्यंत.

त्यातल्या एका मुलीनं आज मला फोन केला. नंबर सिक्युरिटीच्या काकांनी दिला म्हणाली. एक बाई साडी परत करायला आल्यात, फॉल-पिको झालेला आहे, घ्यायची की नाही, आणि मॅनेजर जेवायला गेलेत. मागे गर्दीचा आवाज येत होता, बिलिंगची घंटा वाजत होती. मला ते सगळं समोर दिसलं. मी तिला सांगितलं, फॉल लागलेली साडी एक्स्चेंज होत नाही, पण आधी पदर उलगडून बघ, विणीत दोष असला तर घ्यावी लागते, आणि बाईंना उभं ठेवू नकोस, ट्रायल रूमपाशी खुर्ची असेल. ती म्हणाली, खुर्ची नाहीये इथे.

मग मी विचारलं, तुला पगाराची स्लिप मिळते का? म्हणाली, अजून नाही, एजन्सीवाले देतो म्हणतात. मी म्हटलं, बाळा, रोज आत जाताना हजेरीच्या पानाचा फोटो काढून ठेव, आणि पोर्टलवर तुझ्या नावानं काहीही भरायला सांगितलं तर आधी घरी आणून वाच. ती हो म्हणाली, पण बाई मागे बोलवत होत्या, तिनं किती ऐकलं कोण जाणे. रात्री तेच पुन्हा लिहून तिला मेसेज केलाय. अजून निळी खूण आलेली नाही, साडेदहाला दुकान सुटल्यावर बघेल.