दहा हात

आज संडे स्कूलच्या पोरांना घेऊन चर्चच्या अंगणात निवासमंडप, म्हणजे मोशेच्या काळातलं इस्राएल लोकांचं तंबूचं मंदिर, आखला. सुतळी, चुना आणि बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 26 आणि 27 वा अध्याय, एवढंच सामान. मूळ अंगण 100 हात लांब, 50 हात रुंद, म्हणजे साधारण 45 मीटर बाय साडेबावीस. आमचं आवार पुरेना, मग निम्म्या मापावर आलो. ‘हात’ कुणाचा धरायचा यावरूनच पंधरा मिनिटं भांडण!

पूर्वेला एकच दार. आधी होमवेदी, मग गंगाळ, मग तंबू. आणि सगळ्यात आत परमपवित्रस्थान. लांबी, रुंदी, उंची, सगळं दहा-दहा हात. आमच्या मापात पाचच. एक पोरगी म्हणाली, “एवढंसंच? आमच्या किचनएवढं?” वर्षातून एकाच दिवशी, एकट्या महायाजकाला जिथे जाता यायचं ती जागा!

निवासमंडपाच्या प्रत्येक खुंटीत नि कडीत ख्रिस्ताची भविष्यवाणी शोधणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. पण परमपवित्रस्थानापुढच्या पडद्यापाशी मात्र थांबलो. मराठी बायबलात त्याला ‘अंतरपट’ म्हटलंय. आपल्याकडे लग्नातला अंतरपाट धरतात तोच मुळी दूर करायला. पुढे यरुशलेमच्या मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत फाटल्याचं येशूच्या मरणाच्या वेळचं वर्णन मत्तय आपल्या शुभवर्तमानात सांगतो, आणि इब्री लोकांस पत्रात तर पडदा म्हणजे ख्रिस्ताचं शरीरच.

हे समजावत होतो, तेवढ्यात पडदा म्हणून जुनी चादर धरून उभ्या दोघांचे हात भरून आले आणि त्यांनी ती सोडून दिली. सगळी पोरं आत घुसली.