टोपीवाल्यातून गेलेली रेघ

मुलीकडे सिनसिनाटीला गेलो की दुपारी मला कुठंतरी नेऊन सोडावं लागतं, नाहीतर मी तिच्या घरातले चांगले चालणारे नळ दुरुस्त करायला घेतो. परवा जुन्या वस्तूंच्या दुकानात सोडलं. तिथं एका खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून, नदीकाठच्या गावांची जुनी छापील चित्रं उभी करून ठेवलेली. सेंट लुईस, लुईव्हिल, पिट्सबर्ग. चाळता चाळता आमचं सिनसिनाटीही निघालं. ओहायो नदी, धक्क्याला खेटून दोन-दोन धुराड्यांच्या आगबोटी, मागं टेकड्या. रंग अर्थात नंतरचा. जुन्या सचित्र साप्ताहिकातलं पान सोडवून कुणीतरी त्यावर जलरंग फिरवलेले. पाठीमागचा मजकूर उलटा होऊन आभाळात झिरपलेला. नदीवर पूल नाही, म्हणजे १८६७ च्या आधीचं. (तेव्हा झाला तो रोबलिंग या इंजिनिअरचा झुलता पूल. ब्रुकलिनचाही त्याच पठ्ठ्यानं आखला.) आगबोटींचा धूर डावीकडे, झेंडे उजवीकडे. असलं मला लगेच दिसतं. बायको म्हणते, हा माणूस लग्नाला जाऊन मांडवाचे खांब मोजतो.

मग ती रेघ दिसली. केसाएवढी, पांढरी. आभाळातून सरळ खाली, एका धुराड्याला चाटून, काठावरच्या टोपीवाल्याला उभा चिरून पाण्यात.

तेव्हा साप्ताहिकातली असली चित्रं लाकडी ठोकळ्यावर कोरून छापायचे. त्यासाठी बॉक्सवूडचं लाकूड घट्ट, पण झाडाचं खोड बारीक. खोडाच्या आडव्या कापावर कोरायचं म्हटल्यावर तुकडा केवढा मिळणार? मग असे तुकडे मागून बोल्टांनी आवळून मोठा ठोकळा करायचा, त्यावर अख्खं गाव काढायचं, जोडावरून जाणाऱ्या रेघा मुख्य कारागिरानं आधी कोरून घ्यायच्या आणि ठोकळा परत सुटा करून वाटून टाकायचा. कुणाला आभाळ, कुणाला बोटी. साप्ताहिक थांबत नाही. पुन्हा आवळल्यावर कुठंतरी फट राहतेच, आणि छापल्यावर ती अशी पांढरी उमटते.

सातवीत गॅदरिंगच्या पडद्यासाठी चित्रकलेच्या सरांनी वाईचा घाट सहा कार्डशीटांवर सहा जणांत वाटला होता. ढोल्या गणपती हुशार मुलाला. मला नदी, शेजारच्यालाही नदीच. चिकटवल्यावर माझी कृष्णा त्याच्या कृष्णेपेक्षा चांगली बोटभर वर. धबधबाच झाला. सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तिथं झाड लाव." मी भर पात्रात वड लावला, पारंब्यांसकट. कुणी काही बोललं नाही. आईनं तेवढं घरी आल्यावर विचारलं, "पाण्यात वड कसा रे?"

दुकानदाराला वाटलं, मी इतका वेळ बघतोय म्हणजे कागद दुमडलाय. त्यानं आपणहून पाच डॉलर कमी केले. मी गप्प बसून घेतलं. टोपीवाल्याच्या जागी झाड हवं होतं, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण इंग्रजीत ते फार लांबलं असतं. बाहेर मुलगी हॉर्न वाजवत होती.