तांब्याचे चित्र

माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून ओट्याखाली शिरायचा, पण नावाने हाक मारली तर वळूनही पाहत नसे. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे सांगून एका डॉक्टरांनी आम्हाला परत पाठवले आणि त्यात वर्ष गेले, याची खंत मला अजूनही आहे. स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाल्यावर नातेवाइकांनी लसीला दोष दिला. ज्या १९९८ च्या शोधनिबंधातून हा समज पसरला, तो ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, हे मी घरोघर सांगत फिरले. स्वमग्नता बरी करणारे औषध नाही, मात्र वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार (रोजची कामे करायला शिकवणारी थेरपी) यांतून मुलाला व्यक्त होण्याची वाट सापडू शकते. आमच्या थेरपिस्ट ताईंनी फ्रिजवर चित्रे लावायला सांगितली होती. तीन महिन्यांनी एका दुपारी त्याने त्यांतले तांब्याचे चित्र ओढून काढले, माझ्या तळहातावर ठेवले आणि पाणी मिळेपर्यंत माझे बोट सोडले नाही.

स्वमग्नतेसारखे अपंगत्व असलेल्यांसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात थेरपीचा खर्चही धरला जातो, हे आम्हाला दुसऱ्या एका आईकडून कळले. निदानाचा कागद हाती देतानाच ही माहिती पालकांना मिळायला हवी.