वारा पाठीवर, वारा तोंडावर

मोठ्या बागेत पक्षी आणि हरणं कॅमेऱ्यात टिपायला निघालेली माणसं आधी लेन्सबद्दल बोलतात, मग उजेडाबद्दल. वाऱ्याचं नाव सहसा कोणी काढत नाही. खरं तर कुठे उभं राहायचं हे वाराच ठरवतो.

पक्षी शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतो आणि उतरतोही तसाच. त्यामुळे वारा आपल्या पाठीवर असेल तर बदकं, बगळे समोरून आपल्याकडेच येतात. उलटा असेल तर नुसत्या शेपट्यांचे फोटो! सकाळी सूर्यही पाठीशी आणि वाराही पाठीशी असा योग जुळला, की जागा सोडू नये. हरणाचं नेमकं उलटं. त्याच्यापर्यंत आपला वास आपल्याआधी पोचतो, म्हणून वारा तोंडावर हवा. एकाच जागेवरून दोन्ही साधू म्हणणाऱ्याचं एक तरी हुकतंच.

उडत्या पक्ष्याला शटर निदान १/२००० सेकंदाइतकं वेगवान हवं, चिमणीएवढ्या चपळ जिवाला १/३२००. बसलेल्याला १/५०० पुरतं. एवढ्या वेगात उजेड कमी पडतो, पण आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवायला लोक उगाच कचरतात. दाणेदार फोटो सावरता येतो, हललेला नाही. गडद पाण्यापुढच्या पांढऱ्या बगळ्याला कॅमेरा हमखास जास्त उजळतो आणि पिसांचा नुसता चुना होतो. तिथे एक्स्पोजर एक स्टॉप कमी करावं, म्हणजे उजेड निम्मा. उजळ आभाळापुढच्या पक्ष्याला एक स्टॉप जास्त द्यावं. उडण्याआधी बगळा अंग आकसून पुढे झुकतो, बरेचदा शिटतोही. बटण तेव्हाच दाबायचं. पंख उघडल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो.

हरणाचे कान वाचावेत. दोन्ही कान आपल्याकडे वळले आणि रवंथ थांबलं, की आपणही थांबायचं. मान खाली गेली म्हणून लगेच पाऊल टाकू नये. चरायचं सोंग करून झटकन मान वर करण्यात काही हरणं पटाईत असतात. पुढचा खूर आपटला तर मुकाट मागे फिरावं. गवताची पाती फोकस पळवतात. एकच फोकस बिंदू घेऊन तो डोळ्यावर ठेवावा.

थंड प्रदेशात उन्हाळ्यात नरांची वाढती शिंगं मखमलीत, म्हणजे मऊ लवेच्या कातडीत, असतात आणि मागून तिरपं ऊन आलं की त्यांच्या कडा पेटतात. शरदात तेच नर माजावर येतात. तेव्हा पन्नास मीटर अंतर हवंच, लेन्स कितीही लहान असो. वसंतात गवतात एकटं पाडस दिसलं तर ते पोरकं नसतं. आई मुद्दाम दूर चरत असते आणि आपण तिथे रेंगाळलो तर ती परतत नाही. घरट्याजवळही हेच. फोटो गेला तरी चालेल.

उन्हाळ्यात जमीन तापली की लांबचा प्रत्येक फोटो मऊ, म्हणजे धूसर येतो. लेन्सला दोष देऊन उपयोग नाही, मधली हवाच थरथरत असते. जवळ जावं किंवा घरी जावं. हिवाळ्यात झाडं उघडी पडल्यामुळे पक्षी दिसतात छान, पण बॅटरी लवकर उतरते. जादाची आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. आणि गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत आणला, की बॅगेची चेन तासभर तरी बंदच हवी, नाहीतर काचेवर दव धरतं. मेमरी कार्ड तेवढं बाहेरच काढून घ्यावं. ते आत राहिलं तर तासभर दम धरणारा फोटोग्राफर मिळणं कठीण.