तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बंदीच का घालत नाहीत?’

रत्नागिरी असो की मालवण, स्वायत्त शस्त्रांवर बोललं की दोन प्रश्न येतातच. स्वतःच लक्ष्य निवडून मारणाऱ्या या शस्त्रांवर एकदाची बंदी का घालत नाहीत? आणि कोकणातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते आपल्या समोरच्या पाण्यातच आहे. फेब्रुवारी १९१७मध्ये ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने, साध्या मालवाहू बोटीचं सोंग घेऊन, मुंबईबाहेर पाणसुरुंग पेरले. अशा सुरुंगाची रचना सोपी असते. तळाशी वजन, त्याला तारेने बांधलेला स्फोटकांचा गोळा आणि गोळ्यावर शिशाची शिंगं. बोट घासली की शिंग वाकतं, आतली काचेची नळी फुटते, द्रावण पट्ट्यांवर पडून वीज तयार होते आणि स्फोट होतो. मारायचं कोणाला हे ठरवायला तिथे कोणीही नसतं. २३ जून १९१७ रोजी प्रवासी आणि टपाल घेऊन येणारी ‘मंगोलिया’ अशाच सुरुंगावर आदळून मुंबईच्या दक्षिणेला बुडाली. वीसहून अधिक माणसं गेली. ‘वुल्फ’ तोवर न्यूझीलंडच्या बाजूला पोचली होती.

आणि कायदा नव्हता असं नाही. १९०७च्या हेग करारात मोकळ्या सोडलेल्या सुरुंगाला मुदत होती: पेरणाऱ्याचा ताबा सुटल्यावर जास्तीत जास्त एका तासात तो निकामी झाला पाहिजे. नांगरलेल्या सुरुंगाला ठरावीक मुदतच नव्हती. तार तुटून सुटला तर तो निकामी व्हावा, एवढीच सक्ती होती. धोक्याची जागा जाहीर करायची, पण लष्करी गरज परवानगी देईल तेव्हा. ‘निव्वळ’ व्यापारी जहाजं अडवण्यासाठी शत्रूच्या किनाऱ्यावर सुरुंग पेरू नयेत, असं दुसरं कलम सांगत होतं. आता, युद्धनौकाही डोळ्यासमोर होत्या असं कोण म्हणणार नाही? जर्मनीने तर हे कलम आपल्यापुरतं वगळूनच सही केली होती.

म्हणून ‘बंदी घाला’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आजचा तळावरचा सुरुंग चुंबकीय क्षेत्र, आवाज, पाण्याचा दाब एकत्र तपासतो. मोजणी लावली तर पहिली काही जहाजं सोडून पुढचं उडवतो. भारतानेही असा सुरुंग २०२५मध्ये तपासून पाहिला आहे. ‘स्वायत्त’ म्हणायचं कशाला आणि त्याला नियम कोणते, यावर जिनिव्हात २०१७पासून संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रकराराखाली देशांचा तज्ज्ञगट बसतोय. पहिली दोन वर्षं अध्यक्षपद भारतीय राजदूत अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होतं. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो, म्हणजे एक देश अडला की सगळं अडलं.

मग लोक टोचतात: आपण विरोधात मत का दिलं? डिसेंबर २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वायत्त शस्त्रांवरच्या ठरावाच्या बाजूने १५२ मतं, विरोधात ४. त्या चारांत रशिया, बेलारूस, मालीबरोबर आपण. पुढच्या वर्षी तटस्थ. आपलं म्हणणं, चर्चा जिनिव्हातच व्हावी, कारण मोठी सैन्यं तिथे बसलेली आहेत. हे मला पटतं. पण तीच सैन्यं सहमती अडवतात, हेही दिसतं. दोन्ही एकदम खरं आहे. माझ्याकडे याहून नीट उत्तर नाही.

‘माणसाचं नियंत्रण हवं’ या वाक्यावरही मी पूर्वीइतका भाळत नाही. ३ जुलै १९८८ला अमेरिकेच्या ‘विन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं मेली, आदेश माणसानेच दिला होता. नियम हवाच असेल तर मोजता येईल असा हवा: किती वेळ, किती हद्दीत, कोणत्या लक्ष्यावर, थांबवायचा मार्ग कोणता. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२१मध्ये जवळपास हेच मागितलं, शिवाय माणसांवर रोखलेली आणि परिणामाचा अंदाज न येणारी शस्त्रं सरळ बंद करा म्हणाली. अडचण तपासणीची आहे. सुरुंगातलं घड्याळ उघडून बघता येतं. संगणकाची आज्ञावली तपासणी पथक परतल्यावर रातोरात बदलता येते.

ट्रॉलरवाले मात्र वेगळंच विचारतात: जाळ्यात असलं काही आलं तर? बोटीवर घेऊ नका, ओढत बंदरात आणू नका. जाळं कापा, जमल्यास बोया सोडा, जागेची नोंद करा, लांब जा आणि तटरक्षक दलाला १५५४वर कळवा. जाळ्याची भरपाई कोण देणार, हे जिनिव्हात कोणी विचारत नाही.