सरवा

रविवार, रात्र

फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रान्स्वा मिले यांच्या ‘द ग्लीनर्स’ या चित्राची मोठी छापील प्रत आज दुपारी पुन्हा उलगडून बसले. १८५७ सालचे हे तैलचित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्याच्या नावाचे ‘धान्य वेचणाऱ्या स्त्रिया’ असे सैल भाषांतर करण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे. पीक काढून नेल्यावर रानात मागे राहिलेल्या लोंब्या, कणसे, शेंगा म्हणजे सरवा. आणि तो वेचायला जाणाऱ्या बायकांत माझी आजी होती.

चित्रात कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात तीन स्त्रिया आहेत. दोघी कमरेतून पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट. मागे दूरवर, सोनेरी उन्हात, धान्याच्या मोठमोठ्या गंजी, भरलेली गाडी, मजुरांची लगबग आणि घोड्यावर बसलेला मुकादम दिसतो. तिथली समृद्धी आणि या तिघींच्या पायांखालची काडी-काडी यांच्यातले अंतर मिले यांनी केवळ प्रकाशाने दाखवले आहे. दोघी वाकलेल्या स्त्रिया क्षितिजाच्या रेषेवर येतच नाहीत, जणू जमिनीनेच त्यांना धरून ठेवले आहे. राजेशाही उलथवणाऱ्या १८४८ च्या क्रांतीची आठवण ताजी असलेल्या पॅरिसमध्ये हे चित्र प्रदर्शनात लागले, तेव्हा काही समीक्षकांना या तीन गरीब बायकांत बंडाची चाहूल दिसली. मला मात्र त्यांत फक्त काम दिसते. स्वतः नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या चित्रकारालाच ते इतके अचूक दिसू शकते, असे मला मनापासून वाटते.

डावीकडची, निळा रुमाल बांधलेली स्त्री एक हात पाठीवर घेऊन वाकली आहे. इतकी वर्षे मी समजत होते, की तिची कंबर दुखते आहे. आज भिंग लावून पाहिले, तर त्या मुठीत वेचलेल्या लोंब्यांची जुडी आहे. एका हाताने वेचायचे आणि जुडी दुसऱ्या हाताने मागे सांभाळायची, म्हणजे ती पुढे लोंबून आड येत नाही.

आजी भुईमूग काढून झालेल्या रानात खुरपे घेऊन बसे, ढेकळे फोडून राहिलेल्या शेंगा उकरी आणि लुगड्याच्या ओट्यात टाकी. दिवस कलेपर्यंत शेर-दीड शेर शेंगा होत, आणि एवढ्यासाठी तिला मालकाच्या होकाराची वाट पाहत बांधावर थांबावे लागे. तिच्या हातांकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

संध्याकाळी आईला फोन करून विचारले, की आजी ओटा भरल्यावर काय करायची. आई म्हणाली, “त्यातल्या मूठभर शेंगा तुझ्यासाठी वेगळ्या पदरात बांधायची, त्या घरच्या शेंगांत कधी मिसळायची नाही.”