आकडा हिरव्यात असताना सगळा सिग्नल कशाला साठवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कारखान्यात व्हायब्रेशनचा सेन्सर बसवला की मेंटेनन्सवाले हमखास विचारतात, "साहेब, स्क्रीनवर आकडा दिसतोय, तोही हिरव्यात. मग हा कच्चा सिग्नल कशाला साठवायचा?"

एका ब्लोअरची मोटर होती. बेअरिंग 6205, आत नऊ छर्रे, मिनिटाला 1480 फेरे. बाहेरच्या रेसवर, म्हणजे छर्रे ज्या कडीवरून फिरतात तिच्यावर, बारीक खड्डा पडला होता. प्रत्येक छर्रा त्यावरून गेला की टक्. या बेअरिंगच्या मापाने सेकंदाला साधारण 88 ठोके. तिथल्या जुन्या फिटरनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "हे जाणार." आकडा जागचा हलला नव्हता.

तो आकडा खोटा नव्हता. 10 ते 1000 हर्ट्झमधल्या कंपनाच्या वेगाचा तो आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी. असमतोल, बिघडलेलं अलाइनमेंट, ढिला पाया यांसाठी उत्तम. पण ठोका बसला की लोखंड काही हजार हर्ट्झवर झणझणतं आणि क्षणात शांत होतं. ती झणझण मोजणीच्या पट्ट्याबाहेरच राहते. पट्ट्यात जे थोडं उतरतं, तेही सरासरीत बुडतं.

मग एफएफटी, म्हणजे सिग्नलमध्ये कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते वेगळं काढणारं गणित? फेजसकट, म्हणजे कुठली लहर कुठून सुरू होते त्या माहितीसकट, ठेवला तर त्यातून मूळ सिग्नल जसाच्या तसा परत मिळतो. पण आपण बहुतेक वेळा नुसती उंची बघतो, फेज टाकून देतो. एकच तीक्ष्ण ठोका आणि सलग खरखर, दोन्हींचा आलेख मग सारखाच सपाट दिसू शकतो.

एन्व्हलप, म्हणजे त्या झणझणीच्या चढउताराची बाहेरची रेषा, काढून तिचा एफएफटी बघितला की मात्र 88 हर्ट्झची रेघ लख्ख उभी राहते. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की एन्व्हलपमध्ये कच्च्या सिग्नलपेक्षा माहिती कमीच असते. कुठलीही प्रक्रिया नवी माहिती घालू शकत नाही. बेअरिंगबद्दल विचारलं तेव्हा नको असलेलं तिनं बाजूला केलं, एवढंच. त्यात असमतोलही गेला. उद्या तोच शोधायचा असेल तर हा आलेख निरुपयोगी.

ती मोटर पुढे जाम झाली. ठोके कधी सुरू झाले ते बघायला मागे गेलो, तर दर तासाचा एकेक आकडा, बाकी काही नाही. फिटरचं ऐकायला हवं होतं, याची रुखरुख अजून आहे.

आता मी रोज दहा सेकंदांचा कच्चा सिग्नल ठेवतोच. सेकंदाला 25,600 नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे 5,12,000 बाइट. मोबाइलवरच्या एका फोटोला याहून जास्त जागा लागते.